दीड वर्षाच्या मांजरीला दोन महिन्यांपासून सारखे जुलाब होतात, औषध थांबवलं की पुन्हा सुरू. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की माऊ पर्शियन आहे, ब्रीडरकडून आणलेली. खाते, खेळते, पण शी घट्ट होतच नाही. मेट्रोनिडाझोल (जुलाबांवर देतात ते प्रतिजैविक) सुरू असेपर्यंत बरं असतं, कोर्स संपला की पुन्हा तेच. जंताचं औषध एकदा दिलंय. खाण्यात किबल (कोरडं तयार खाद्य), कधी उकडलेलं चिकन, कधी मासळी आणि सकाळी थोडं दूध.

मी प्राण्यांची डॉक्टर नाही. आमच्या घरात कायम मांजरं असतात आणि त्यातल्या चिंगीच्या पोटापायी आम्ही बरीच धावपळ केली आहे. त्या काळात डॉक्टरांकडून जे समजलं आणि घरी जे करून पाहिलं, ते सांगते.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेले जुलाब डॉक्टर जुनाट धरतात. म्हणजे तुम्ही ती रेषा केव्हाच ओलांडली आहे. आता दर वेळी गोळीने शी घट्ट करण्यापेक्षा कारण शोधण्यावर वेळ आणि पैसा घाला. मेट्रोनिडाझोल आतड्यातले चांगले जंतूही मारतं, त्यामुळे बरेच तज्ज्ञ आता ते असं पुन्हा पुन्हा द्यायला तयार नसतात.

आधी एक खात्री करून घ्या. माऊ सुस्त झाली, खाणं सोडलं, वारंवार उलट्या होऊ लागल्या, शी डांबरासारखी काळी झाली किंवा वजन झपाट्याने उतरलं, तर खालचं काही वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं: तो डब्यात बसून कुंथतोय पण लघवीचा थेंबही पडत नाही, असं असेल तर ते पोटाचं दुखणं नसून लघवी अडकलेली असू शकते. त्यात काही तासही मोलाचे असतात.

आता शीकडे नीट बघा. किळस वाटेल, पण निम्मं निदान तिथेच होतं. शी भरपूर, पाण्यासारखी, दिवसातून दोन-तीनदाच, आणि वजन कमी होतंय, असं असेल तर बिघाड बहुतेक लहान आतड्यात असतो. थोडी थोडी, सारखी, कुंथून, वर शेंबडासारखी आव, कधी लाल रक्ताचा ठिपका, असं असेल तर मोठ्या आतड्यात. फोटो काढून ठेवा, दर आठवड्याला वजन करा (स्वतः माऊला घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटीचं वजन वजा करा) आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

दूध आजपासून बंद. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, ती आतड्यात पाणी ओढते आणि शी पातळ होते. ‘लहानपणापासून पितेय, तेव्हा काही झालं नाही’ हे खरं असलं तरी पिल्लूपण सरल्यावर ती पचवणारं विकर (एन्झाइम) कमी होत जातं.

मग शीची तपासणी. एका दिवसाच्या नमुन्यावर थांबू नका. जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीच्या गाठी (सिस्ट) प्रत्येक शीत पडत नाहीत, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे ताजे नमुने द्यायला हवेत. जिआर्डिया निघाला तर औषधाइतकीच स्वच्छता महत्त्वाची. शीचा डबा रोज गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. पर्शियनच्या मागच्या लांब केसांना शी चिकटून राहते आणि चाटताना पुन्हा पोटात जाते, तेव्हा ते केस कापून घ्या. शेपटीपाशी तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. तो पिसवांमधून येतो. साध्या गोल जंतांच्या औषधाने तो जात नाही, प्राझिक्वांटेल लागतं आणि सोबत पिसवाही घालवाव्या लागतात.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त विचारावंसं वाटतं ते ट्रायट्रायकोमोनासबद्दल. अनेक मांजरं एकत्र ठेवलेल्या जागेतून आलेल्या तरुण मांजरांत हा परजीवी आढळतो. मांजर एरवी ठणठणीत असतं, पण आव पडणारे जुलाब महिनोन्‌महिने थांबत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली तो निसटतो किंवा जिआर्डिया समजला जातो. पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी) चाचणी जास्त भरवशाची. मेट्रोनिडाझोल त्याच्यावर खात्रीने चालत नाही, रोनिडाझोल हे वेगळं औषध लागतं. डोस चुकला तर त्याचा मज्जासंस्थेवर परिणाम होतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. ब्रीडरकडून आणलेली पर्शियन आणि औषधाला न बधणारे जुलाब, एवढं सांगून डॉक्टरांना या चाचणीबद्दल स्वतःहून विचारा.

परजीवी नाहीत असं ठरलं की पुढची पायरी आहाराची, आणि बहुतेक घरं इथेच अडकतात. जुनाट जुलाबांच्या बऱ्याच मांजरांना नुसता आहार बदलून आराम पडतो, आणि पोटाच्या बाबतीत फरक साधारण दोन आठवड्यांत दिसू लागतो. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड खाद्य, ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्यांच्यावर चवताळत नाही. दुसरी, तिने कधीच न खाल्लेलं एकच मांस, उदाहरणार्थ बदक. पिशवीवर ‘मासे’ लिहिलं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचा, आत पुष्कळदा चिकन असतंच.

घरी शिजवणार असाल तर मांस नुसतं पाण्यात उकडा. मीठ, हळद, आलं काही नको, आणि कांदा-लसूण तर कधीच नको, त्याने मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. पण असं जेवण दोन आठवड्यांच्या प्रयोगापुरतंच. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं, आणि उकडताना टॉरिन हा मांजरांना लागणारा घटक पाण्यात उतरतो. टॉरिन कमी पडलं की मांजरांचं हृदय दुबळं होतं, हे 1987 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. पुढे घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून पूरकांचं प्रमाण ठरवून घ्या.

हा प्रयोग मांजरामुळे क्वचित फसतो. तो फसतो माणसांच्या मायेमुळे. आजी पोळीचा दुधात बुडवलेला तुकडा देते. बुधवार, शुक्रवार, रविवार ओट्यावर मासे साफ होत असतात आणि माऊ पायात घोटाळते, मग कोण एक तुकडा टाकणार नाही? मुलं चाटायची क्रीम देतात, शेजारच्या काकू बिस्किट. त्यात केसांच्या गोळ्यासाठीची चवदार पेस्टही आली. यातला एक घास पुरतो आणि पंधरवडा वाया जातो. आमच्याकडे शेवटी फ्रिजवर कागद लावला: चिंगीला फक्त तिच्या वाटीतलंच. आजींना मी शांतपणे समजावलं की तुमच्या हातचं खायला ती महिन्याभराने येईलच, आत्ता तिचं पोट दुखतंय. त्यांनी ते माझ्यापेक्षा कडक पाळलं. घरात दुसरं मांजर असेल तर त्याच्या वाट्या खाणं होताच उचला.

नवं खाद्य आठवडाभरात हळूहळू वाढवत न्या. तिने तोंड फिरवलं तर ‘भूक लागली की झक मारत खाईल’ असं म्हणून उपाशी ठेवू नका. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. उपास हा माणसांचा उपाय आहे, मांजरांचा नाही.

माणसांच्या गोळ्याही नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. जुलाब थांबवायच्या गोळ्या मनाने देऊ नका. इसबगोल मोठ्या आतड्याच्या तक्रारीत उपयोगी पडतं, पण साखर-चव नसलेलं, ओल्या खाद्यात भरपूर पाण्यासोबत, आणि किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

सोबत रक्ततपासणी करून घ्या, आणि त्यात बी-12 जीवनसत्त्व आवर्जून मागा. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. आतडं दुखावलेलं असेल तर ते कमी पडतं, आणि ते भरून काढल्याशिवाय बाकीचे उपचारही नीट लागू पडत नाहीत. साधारणपणे सुरुवातीला आठवड्यातून एक इंजेक्शन असतं. मांजर दहा वर्षांच्या पुढचं असतं तर मी थायरॉइड आधी तपासायला सांगितलं असतं. तुमच्याकडे ते आत्ता नको.

जवळ चांगला दवाखाना नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे बाह्यरुग्ण विभाग बघा: मुंबईत परळला, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. सोबत सगळे जुने कागद न्या.

एका खाद्याने फरक पडला नाही तर लगेच हार मानू नका, दुसऱ्या प्रकारचं खाद्य तितक्याच कडकपणे करून बघा. तेही फसलं तर सोनोग्राफी, आणि गरज पडली तर आतड्याचा तुकडा तपासणं, म्हणजे बायोप्सी. तिथवर जायची वेळ आलीच, तर स्टेरॉइड सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बायोप्सीबद्दल स्पष्ट बोला. आतड्याची जुनाट सूज आणि लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) बाहेरून सारखेच दिसतात, आणि आधीच स्टेरॉइड गेलं असेल तर पुढे तुकडा तपासूनही दोन्हींतला फरक ओळखणं अवघड होतं.