नाव ठाऊक नसलेली ओळखीची माणसे

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ६८ वर्षांचा आहे. निवृत्त होऊन आठ वर्षे झाली आणि पत्नीच्या निधनाला दीड वर्ष. नोकरीतले दोन जिवलग मित्र होते. त्यांतले एक गेले आणि दुसरे मुलाकडे दूरच्या शहरात राहायला गेले. मुलगी रोज फोन करते, त्यामुळे मला कोणीच नाही असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे होईल. गेले सहा महिने मी रोज सकाळी साडेसहाला घराजवळच्या बागेत फिरायला जातो. तिथे पाच-सहा ठरावीक माणसे दिसतात, आम्ही मान डोलावतो, 'आज उशीर झाला?' एवढे बोलतो आणि पुढे जातो. गेल्या महिन्यात त्यांतले काठी घेऊन येणारे एक गृहस्थ सलग नऊ दिवस दिसले नाहीत. मला चैन पडेना. पण चौकशी कोणाकडे करणार, मला त्यांचे नावच ठाऊक नव्हते. दहाव्या दिवशी ते आले, तेव्हा मला इतके हायसे वाटले की माझे मलाच नवल वाटले, आणि तरीही मी नेहमीसारखी मान डोलावून पुढे निघून गेलो. याला ओळख म्हणायचे की नुसती सवय? या वयात नवी माणसे जोडली जाण्याची आशा धरावी का?

उत्तर : आपल्या पत्रातला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटला : आपण दिवस मोजलेत. ज्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही, त्याच्या गैरहजेरीचे दिवस कोणी मोजत बसत नाही. तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्रातच आहे; अडचण एवढीच की ते त्या गृहस्थांपर्यंत अद्याप पोचलेले नाही.

अशा वरवरच्या ओळखींना समाजशास्त्रात 'दुबळे बंध' म्हणतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये त्यांच्यावर लिहिलेल्या निबंधात असे दाखवले होते की, नोकरीची उपयुक्त माहिती जिवलगांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक वेळा मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊकच असते. निवृत्त माणसाला नोकरी शोधायची नसते हे खरे. परंतु २०१४ मध्ये जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी याच बंधांकडे वेगळ्या बाजूने पाहिले, तेव्हा त्यांना आढळले की ज्या दिवशी अशा परिचितांशी नेहमीपेक्षा अधिक वेळा बोलणे होते, त्या दिवशी माणसे अधिक आनंदी असतात आणि आपण कुठल्यातरी गोतावळ्यातले आहोत, ही भावनाही अधिक असते. आपल्याला वाटलेले हायसेपण त्याच जातीचे आहे.

आता सहा महिन्यांचा हिशोब. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून अधिक तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात, असा अंदाज जेफ्री हॉल या संशोधकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने अभ्यासलेली माणसे नव्या गावी स्थलांतर केलेली किंवा महाविद्यालयात नुकतीच दाखल झालेली होती, म्हणून हे आकडे ६८ वर्षांच्या माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. तरीही त्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते. रोज दहा मिनिटे बोललात, तर ५० तास भरायला ३०० दिवस लागतील. आपण तर रोज दहा सेकंद बोलत आहात! नोकरीत असताना मधल्या सुटीचे आणि जाण्यायेण्याचे तास न मागता पदरात पडत असत, त्यामुळे तिथली मैत्री आपसूक झाली असे आता वाटते. ते तास आता मुद्दाम काढावे लागतील, आणि त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काही नाही.

सुरुवात त्या काठीवाल्या गृहस्थांपासूनच करावी. महिना उलटून गेला म्हणून बिघडत नाही. 'मागे काही दिवस आपण आला नव्हतात, चुकल्याचुकल्यासारखे वाटत होते,' एवढे सांगावे आणि लगेच आपले नाव सांगावे. समोरचा माणूस बहुतेक वेळा आपले नाव आपणहून सांगतो. आपल्या भाषेत 'काका', 'आजोबा', 'साहेब' ही संबोधने इतकी सोयीची आहेत की नाव न विचारता दहा वर्षे निघून जातात, आणि मग ते विचारण्याचीही लाज वाटू लागते. आपले सहाच महिने झाले आहेत, म्हणजे वेळ टळलेली नाही.

दुसरे असे की, फिरणे ही आरोग्याला चांगली पण ओळख वाढवायला तोकडी गोष्ट आहे, कारण चालणारी माणसे एकमेकांना फक्त ओलांडतात. फेऱ्या संपल्यावर एकाच बाकावर, एकाच वेळी, दहा-पंधरा मिनिटे बसत जावे. बाक आणि वेळ बदलू नये, कारण आपण कुठे सापडाल हे दुसऱ्याला ठाऊक असणे हीच यातली अर्धी गोष्ट आहे. घरून वर्तमानपत्र आणलेत आणि वाचून झालेले पान शेजारच्या माणसाकडे सरकवलेत, तर बोलायला विषयही शोधावा लागणार नाही. मुलीकडे आठवडाभर जाणार असाल, तर दोन दिवस आधी कोणाला तरी तसे सांगून जावे. हे शिष्टाचाराच्या पलीकडचे आहे; त्यामुळे आपल्या गैरहजेरीचे दिवस मोजण्याचा हक्क आपण दुसऱ्याला देता.

हा हक्क किती मोलाचा असतो, याचे एक विदारक उदाहरण नोंदलेले आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात आलेल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ माणसे अधिक दगावली. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्ही वस्त्यांत गरीब आणि एकटे राहणारे वृद्ध जवळपास सारख्या प्रमाणात होते, पण एकीत मृत्यूंचे प्रमाण दुसरीच्या कित्येक पटींनी जास्त होते. जिथे रस्ते गजबजलेले होते आणि म्हातारी माणसे एरवीही रोज घराबाहेर पडत होती, तिथे ती वाचली; जिथे दुकाने बंद पडून रस्ते ओस पडले होते आणि बाहेर पडायची भीती वाटत होती, तिथे बंद दारांमागे काय घडते आहे हे कळायला मार्गच उरला नव्हता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. बागेतली माणसे आपल्या पत्नीची जागा भरून काढणार नाहीत, आणि 'माणसांत मिसळा, दुःख कमी होईल' असे कोणी सांगत असेल तर ते फारसे मनावर घेऊ नका. घरी परतल्यावरची शांतता तीच असेल. फरक पडेल तो सकाळच्या त्या तासाभरात, आणि दीड वर्षानंतर एक तास हा काही लहान नफा नव्हे.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची असून माझ्याजवळच राहते. तिचे गुडघे दुखतात, म्हणून बँकेची कामे, विजेचे बिल, औषधे मागवणे हे सारे मी मोबाइलवरून उरकते. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती चिडचिडी झाली आहे. 'मला घरात कोंडून ठेवलेस' असे म्हणते. वाचनालयातही ती हल्ली जात नाही, 'तिथे सगळे पुटपुटतात' अशी तक्रार करते. माझे काय चुकते आहे?

उत्तर : हेतूत काही चुकलेले नाही. आपण आईचे श्रम वाचवलेत, आणि त्या श्रमांसोबत येणारी माणसेही नकळत वजा झाली. बँकेतल्या रांगेत कोणी सरकून जागा देते, खिडकीपलीकडचा कर्मचारी 'बऱ्याच दिवसांनी?' म्हणतो, औषधे देणाऱ्याला तिची नेहमीची गोळी तोंडपाठ असते. तरुण माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो, कारण त्याला दिवसभरात पुष्कळ माणसे भेटलेली असतात. आईच्या वाट्याला कदाचित एवढीच येत होती. तिला विचारूनच एक-दोन कामे तिच्याकडे परत द्यावीत : जवळची, बसायला जागा असलेली, शक्यतो ठरलेल्या वारी करण्याजोगी. गुडघ्यांसाठी सोबत जावे लागले तर जावे, पण खिडकीपाशी तिच्या वतीने आपण बोलू नये. हा मोह आवरणे वाटते तेवढे सोपे नाही.

'सगळे पुटपुटतात' ही तक्रार मात्र मला अधिक काळजीची वाटते. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे बोलणे कानावर येते पण शब्द सुटे ओळखता येत नाहीत, आणि दोष समोरच्यांच्या बोलण्यात आहे असे वाटते. दोन-चारदा भलतेच उत्तर दिले गेले की माणूस ओशाळून जाणेच सोडतो. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या १४ घटकांची यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली. तीत श्रवणदोष आणि माणसांपासून तुटणे हे दोन्ही घटक आहेत. म्हणून आधी कानाची तपासणी करून घ्यावी, कानात साठलेला मळही पाहून घ्यावा, आणि यंत्र लागले तर त्याची सवय होईपर्यंतचे पहिले काही आठवडे आईच्या कुरकुरीला दाद देऊन ते वापरायचे सोडू नये. वाचनालयाचा आग्रह त्यानंतर करावा.

प्रश्न : मी ७१ वर्षांची आहे आणि स्वभावाने अबोल आहे. मला माणसांत बसायला आवडते, बोलायला नाही. गटात सामील व्हा, बोलत राहा, असे सगळे सांगतात. ते गरजेचे आहे का?

उत्तर : नाही. रोज दिसणारा पण कधीच न बोललेला माणूस हेही एक नाते आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये त्याला 'परिचित अनोळखी' असे नाव दिले होते. वाचनालयातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला रोज तासभर वाचत बसावे. आपली खुर्ची कोणती, हे इतरांना महिन्याभरात कळते. एखाद्या दिवशी कोणी नवखा तिच्यावर बसू लागला आणि पलीकडून कोणी त्याला म्हणाले, 'तिथे त्या बसतात,' तर त्या वेळी मान वर करून त्या बोलणाऱ्याकडे एकदा पाहावे. बोलायची गरज नाही.