वाक्य कोणत्या खणात घालायचे?

प्रश्न : शोधनिबंधांच्या प्रस्तावनांवर पीएच.डी. करते आहे. भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांचे तीन मूव्ह, म्हणजे प्रस्तावनेतले टप्पे, लावायला घेतले, पण निम्मी वाक्ये कुठल्याच खणात नीट बसत नाहीत. लेखकाची भूमिका, म्हणजे तो किती ठामपणे वा सावधपणे बोलतो ते, पाहण्यासाठी ‘कदाचित’, ‘निश्चितच’ असे शब्द मोजले. आकडे आले, अर्थ लागेना. कुठे चुकते?

उत्तर : तुम्ही वाक्याला एकक धरलेत, गोंधळ तिथून सुरू होतो. मूव्ह म्हणजे मजकूर जे काम करतो ते. स्वेल्स यांच्या १९९० च्या मांडणीत अशी तीन कामे आहेत : विषयाचे क्षेत्र आखणे, त्यात मोकळी जागा दाखवणे आणि ती आपल्या अभ्यासाने भरणे. एका वाक्यात दोन कामे होतात, कधी चार वाक्ये मिळून एकच. लांब प्रस्तावनेत पहिले दोन मूव्ह आलटून पालटून येतात. ती चूक समजू नका.

हे वाक्य घ्या : ‘झोप आणि स्मरणशक्तीचा संबंध अनेकांनी दाखवून दिला आहे, मात्र रात्रपाळी करणाऱ्यांबाबत तो फारसा तपासलेला दिसत नाही.’ ‘मात्र’पाशी तोडा. आधी पहिला मूव्ह, पुढे दुसरा. आता भूमिका बघा. ‘दाखवून दिला’ म्हणताना लेखकाने तो निष्कर्ष स्वीकारला. ‘असल्याचा दावा केला’ म्हटले असते, तर तो हात राखून बोलला असता. ‘फारसा’ आणि ‘दिसत नाही’ ही दुहेरी सावधगिरी आहे. उद्या कोणी एखादा जुना अभ्यास पुढे केला तरी विधान टिकते, आणि आधी काम केलेल्यांचा मानही राहतो. म्हणून शब्द मूव्हनिहाय मोजा, दर हजार शब्दांमागे किती ते काढा. संपूर्ण प्रस्तावनेच्या एका बेरजेत हा फरक विरघळून जातो.

मोजताना दोन ठिकाणी हमखास फसायला होते. ‘वटवाघळे अंधारात उडू शकतात’ यात क्षमता आहे, ‘याचे कारण ताण असू शकते’ यात सावधपणा. संगणकाला दोन्ही सारखेच दिसतात. दुसरे, उद्धृत केलेल्या संशोधकाचे ‘कदाचित’ प्रस्तुत लेखकाच्या खाती टाकू नका.

आधी दहा प्रस्तावना हाताने खुणा करून पाहा. दोन आठवड्यांनी त्याच प्रस्तावनांच्या खुणा नसलेल्या प्रतींवर पुन्हा करा, आणि दुसऱ्या कोणाकडून स्वतंत्रपणे करून घ्या. जिथे खुणा जुळत नाहीत, तिथली व्याख्या नव्याने लिहा. मगच उरलेल्या प्रस्तावनांना हात घाला.