संध्याकाळी सात ते नऊ

«मावशी,

आम्ही पिंपरीत वन बीएचकेमध्ये राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ज्युनिअर केजीत जातो. मुलगी दोन वर्षांची. मी एका ऑफिसात अर्धा दिवस अकाउंट्सचं काम करते. नवऱ्याच्या कंपनीत शिफ्ट बदलत असतात, सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळी मी एकटीच. सासूबाई सोबत आहेत, पण गुडघ्यांमुळे त्यांना पोरांच्या मागे धावणं जमत नाही.

मुलाच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर रोज फोटो येतात. कुणी कापसाचा ससा केला, कुणी रंगीत तांदळाचं इंद्रधनुष्य. मीही दोन हजारांचं ॲक्टिव्हिटी किट मागवलं, ते अजून कपाटावरच आहे. आमच्याकडे सात वाजले की मोबाईल सुरू होतो तो जेवणं होईपर्यंत. मी भाजी निवडायला बसले की धाकटी येऊन सगळं विस्कटते, म्हणून तिलाही मोबाईल देते. काढून घेतला की मुलगा जमिनीवर लोळतो, त्याचं बघून ती. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कुणी ॲक्टिव्हिटी केल्या होत्या, पोरं वाढलीच ना!

घरात करता येतील अशा सोप्या ॲक्टिव्हिटी आणि एखादं टाइमटेबल द्याल का? आई म्हणून मी कमी पडतेय असं सारखं वाटतं.

– दमलेली आई»

प्रिय दमलेल्या आई,

वयाने मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी असणार, म्हणून अगं-तुगं करते.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू भाजी निवडायला बसतेस आणि धाकटी येऊन विस्कटते. अगं, ती विस्कटायला येत नाही, तुझ्याबरोबर काम करायला येते! दोन वर्षांच्या मुलीला आई जे करते तेच करायचं असतं. तुला जी ॲक्टिव्हिटी हवी आहे ती स्वतःच्या पायांनी चालत तुझ्या टोपलीपाशी आली होती आणि तू तिला मोबाईल देऊन परत पाठवलीस. यात तुझा दोष काढत नाही. कुकर लावायचाय, कणीक मळायचीय, अशा वेळी कुणीही हेच करेल. पण मार्ग तिथूनच निघतो. मुलांसाठी वेगळा उद्योग शोधण्यापेक्षा तुझ्या रोजच्या कामात त्यांना खरा वाटा दे. मला सांगायचंय ते एवढंच. आता ते करायचं कसं, ते बघू.

मेथीची जुडी घे. वर्तमानपत्र पसर आणि तिघं जमिनीवर बसा. मुलाला एकेक काडी दे आणि एकदाच, सावकाश, न बोलता करून दाखव: एका हाताने देठ धरायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीने पान खुडायचं, पान चाळणीत, काडी कागदावर. बोलत बोलत दाखवलं की या वयाची मुलं तोंडाकडे बघतात आणि हात बघायचे राहतात. धाकटीला चिमटीने खुडणं लगेच जमणार नाही. ती मूठभर पानं ओरबाडेल, काड्याही चाळणीत टाकेल. टाकू दे. तिला तिचं वेगळं काम दे: कागदावरच्या काड्या उचलून बादलीत टाकायच्या. प्रत्येक काडीला उठायचं, बादलीपर्यंत जायचं, परत यायचं. तिला हे फार आवडेल आणि तुझा कागदही रिकामा होत राहील. जुडी निवडायला एरवी दहा मिनिटं लागत असतील तर आता पंचवीस लागतील. पण त्या पंचवीस मिनिटांत घरात मोबाईल नसेल आणि पोटात जाणारी भाजी मुलाने स्वतः निवडलेली असेल. स्वतः निवडलेली मेथी मुलं निदान चाखून तरी बघतात.

खुडणं, सोलणं, पिळणं, ओतणं यांतूनच बोटांत ताकद येते आणि त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. ज्युनिअर केजीतल्या मुलाचं अक्षर वाकडं येतं म्हणून आया काळजीत पडतात आणि आणखी एक पान गिरवायला बसवतात. त्यापेक्षा कणकेचा गोळा द्यावा. पोळ्या करताना त्याला एक गोळा आणि छोटं पोळपाट-लाटणं दे. लाटायचं, मोडायचं, सापाची शेपटी करायची, पुन्हा गोळा. त्याने लाटलेली एक वेडीवाकडी पोळी तव्यावर शेक आणि त्याच्या ताटात वाढ. ही पायरी मात्र गाळू नकोस. मुलाने केलेलं काम घरात खरंच वापरलं गेलं की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही शाबासकीने येत नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग असतात, गरीब घरांतल्या मुलांना ती परवडणार कशी, हा प्रश्न बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांपुढेही होता. १९४५ साली त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. दोघींनी शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं-फुलं यांचीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात नेली आणि पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात. आजची अंगणवाडी त्याच वाटेवरची. बोर्डीच्या अंगणात जे जमलं ते पिंपरीच्या स्वयंपाकघरात नक्की जमेल, कपाटावरच्या किटची त्यासाठी गरज नाही.

धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावणं हे मुलाचं काम करून टाक. रुमालांच्या घड्याही. धाकटीने बाबांचे कपडे एकीकडे आणि दादाचे दुसरीकडे ठेवायचे. ताटं-वाट्या मांडताना मोजणी आपोआप होते: आपण आज चार जण, किती वाट्या लागतील? एक वाटी कमी आली तर त्याचा तोच शोधेल कुणाला मिळाली नाही ते. शाळेतून आल्यावर स्वतःची पाण्याची बाटली आणि डबा विसळणं त्याला जमतं, जरा पाणी सांडेल इतकंच.

पाण्यावरून आठवलं. फार गरम होत असेल किंवा दोघंही किरकिरी झाली असतील, तर काही न सुचवता त्यांना बाथरूममध्ये ने. एक टब, दोन मग, चहाची गाळणी, तळाला भोक पाडलेली रिकामी बाटली. बस, अर्धा तास गेला. पण तू दारात बसायचंस, फोन आला तरी उठायचं नाही. लहान मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना आवाज येत नाही. तसंच चणे, शेंगदाणे, चवळी, राजमा, मण्यांसारख्या वस्तू धाकटीच्या हाताशी ठेवू नकोस. या वयात त्या तोंडात किंवा नाकात जातात. ग्रुपवर कडधान्यांची सुंदर चित्रं दिसतील, ती मुलाबरोबर कर, धाकटी झोपलेली असताना.

आता मोबाईल. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेचंही २०१९ पासून दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तेच म्हणणं आहे, तासाभरापेक्षा कमी असेल तर उत्तम. तुमच्याकडे सात ते नऊ म्हणजे दुप्पट होतंय. तरीही उद्यापासून एकदम बंद करू नकोस, दोन दिवसांत तूच हात टेकशील. पहिले पंधरा दिवस फक्त जेवताना बंद. बाकी काही बदलू नकोस. मोबाईल बघत जेवणाऱ्या मुलाला आपण किती खाल्लं, पोट भरलं का, हे कळतच नाही. म्हणून सुरुवात जेवणापासून.

त्यासाठी दोन गोष्टी सांभाळ. जेवणाआधी दीड-दोन तास बिस्किटं, फरसाण काही नको, भूक लागलेलं मूलच ताटाकडे बघतं. आणि त्याला स्वतः वाढून घेऊ दे, लहान वाटीने, लहान चमच्याने. कमी खाल्लं तर एक-दोन दिवस कमी खाईल. त्याने काही बिघडत नाही.

हे जमलं की मग उरलेल्या वेळाकडे वळ. तू तळण किंवा फोडणीपाशी असताना अर्धा तास टीव्ही लागला तरी चालेल. हातातल्या मोबाईलपेक्षा टीव्ही बरा, आजी शेजारी बसून बघू शकतात आणि ‘हा ससा कुठे पळाला रे?’ असं विचारू शकतात. बंद करताना ‘पाच मिनिटं राहिली’ म्हणू नकोस. साडेचार वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही. ‘हा भाग संपला की तू ताटं मांडायचीस’ असं सांग. पुढचं काम हातात तयार असलं की निम्मा दंगा टळतो.

उरलेला निम्मा होणारच. तो लोळेल. जवळ बस, ‘तुला अजून बघायचं होतं, राग आलाय’ एवढंच म्हण आणि मोबाईल परत देऊ नकोस. वीस मिनिटं रडल्यावर दिलास तर वीस मिनिटं रडलं की मिळतो एवढंच तो शिकेल. सुरुवातीचे काही दिवस फार जड जातात. म्हणून सासूबाईंशी आधीच बोलून ठेव. रडणं न बघवून त्यांनी मागच्या दाराने दिला तर सगळं पाण्यात जाईल.

आणि सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे गं. त्यांच्या वेळी अंगण होतं, शेजारपाजार होता, वाड्यातली दहा पोरं होती. ॲक्टिव्हिटीची गरजच नव्हती, दिवसभर त्याच चालायच्या. आता ते नाही, म्हणून तुला प्रश्न पडलाय. हे त्यांना असंच सांग, वाद घालू नकोस, मदत माग. धावणं त्यांना जमत नाही, पण बसल्या जागी त्यांच्याकडे जे आहे ते तुझ्याकडे नाही. वाती वळायला बसतील तेव्हा मुलाला शेजारी बसवा. कापूस पिंजायचा, तळहातावर वळायचा. त्याची वात जाड होईल, तीच देवापुढे लावा. ‘चिमणी भुर्र’ त्यांना येतच असेल: सगळ्यांनी बोट जमिनीवर ठेवायचं, चिमणी भुर्र म्हटलं की उचलायचं, कावळा भुर्र, पोपट भुर्र आणि मधेच म्हैस भुर्र! म्हशीला ज्याने बोट उचललं तो बाद. बघता बघता मूल ऐकायला आणि स्वतःला आवरायला शिकतं. पुढे त्यालाच सांगणारा करा, मग तो काय काय उडवतो ते ऐका.

टाइमटेबल मागितलंस. घड्याळाचं देत नाही, ते तिसऱ्या दिवशी मोडतं आणि मग तुला आणखी वाईट वाटतं. क्रम देते. ऊन उतरलं की खाली, पार्किंगमध्ये का होईना, तासभर धावणं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण न धावलेलं मूल घरात शांत बसत नाही. दिवसभरात सगळी मिळून तीन तास हालचाल या वयाच्या मुलांना लागते, त्यातला मोठ्याचा निदान तासभर दम लागेल असा हवा. वर आल्यावर हातपाय धुणं, मग तुझ्याबरोबर भाजी किंवा कणीक, थोडा टीव्ही, ताटं मांडणं, जेवण, मोजे-रुमाल, आजीची गोष्ट, झोप. क्रम तोच ठेव, वेळ पुढेमागे झाली तरी चालेल. काही दिवसांनी मुलं स्वतःच पुढचं सांगायला लागतात. मोठ्याला दिवसाची दहा ते तेरा तास झोप हवी, धाकटीला दुपारची धरून अकरा ते चौदा. सकाळची शाळा असेल तर नऊला दिवे बंद झालेच पाहिजेत. तुझ्याकडे संध्याकाळी जो लोळण्याचा प्रकार होतो त्यात अपुऱ्या झोपेचा वाटा असू शकतो, तेवढं बघ.

रोज यातलं सगळं होणार नाही. महिनाअखेरीला ऑफिसचं काम वाढलं की खिचडी आणि टीव्ही होईल, होऊ दे. आणि मधल्या वेळात मुलं ‘आता काय करू’ म्हणत आली तर प्रत्येक वेळी उत्तर देऊ नकोस. थोडा वेळ कंटाळू दे. पलंगावरची चादर ओढून घर करण्याची कल्पना अशा कंटाळ्यातूनच निघते.

कमी पडतेस असं वाटतं, म्हणालीस. ग्रुपवरचा फोटो दहा मिनिटांचा असतो, उरलेल्या दिवसाचा कुणी टाकत नाही. दोन मुलं, नोकरी, घर, सासूबाईंचं दुखणं एकटीने सांभाळून तू रात्री बसून मला पत्र लिहिलंस, मुलांना आणखी काय देता येईल म्हणून. कमी पडणारी आई असं करत नाही. तू एकटी पडली आहेस आणि दमली आहेस. त्यावर उपाय हवा आणि तो ॲक्टिव्हिटीत नाही.

तुझ्या पत्रात नवऱ्याच्या शिफ्ट आहेत, नवरा कुठे दिसला नाही. त्याची फर्स्ट शिफ्ट असते त्या आठवड्यात तो संध्याकाळी घरी असतो ना? तेव्हा मुलांना खाली नेणं आणि रात्री झोपवणं त्याचं. मदत म्हणून नव्हे, त्याचं काम म्हणून, आणि तू मधे सूचना द्यायच्या नाहीस. तो तुझ्यासारखं करणार नाही, त्याच्या पद्धतीने करेल. ते किटही कपाटावरून काढून त्याच्याच हातात दे, रविवारी तिघं जण जमिनीवर बसून उघडतील. तेवढा वेळ तू आतल्या खोलीत दार लावून झोप.

– मावशी