वाचकांचे प्रश्न : परवान्याचे तास आणि शिकण्याचे तास

अमेरिकेत ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) किंवा स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट (वाचा-भाषा तज्ज्ञ, म्हणजेच स्पीच थेरपिस्ट) म्हणून काम करणाऱ्या मराठी वाचकांकडून गेल्या काही महिन्यांत निरंतर शिक्षणाच्या, म्हणजे परवाना किंवा प्रमाणपत्र चालू ठेवण्यासाठी ठरावीक तास शिकत राहण्याच्या, अटींविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे पदव्युत्तर शिक्षण मुंबईत झाले. सध्या मी फ्रीमॉन्टमध्ये शाळकरी मुलांसाठी स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे 'आशा'चे प्रमाणपत्र आणि कॅलिफोर्नियाचा परवाना असे दोन्ही आहे. आशाचे तीस तास भरले की परवान्याचे वेगळे काही करावे लागत नाही, असे सहकारी सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही, आणि या एका गैरसमजापायी दर वर्षी अनेकांचे नूतनीकरण अडते. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, म्हणजेच आशा, ही मेरीलँडमधील रॉकव्हिल येथे मुख्यालय असलेली व्यावसायिक संघटना आहे (आपल्याकडच्या आशाताईंशी तिचा काही संबंध नाही). तिचे प्रमाणपत्र म्हणजे व्यवसायबंधूंनी दिलेली गुणवत्तेची मान्यता. प्रत्यक्ष व्यवसाय करण्याची कायदेशीर परवानगी मात्र राज्य देते आणि आज पन्नासही राज्यांत या दोन्ही व्यवसायांवर राज्याचे नियमन आहे. त्यामुळे आपल्या नावावर दोन स्वतंत्र खाती आहेत. दोन्हींचे कालखंड वेगळे, तासांची संख्या वेगळी आणि तपासणारेही वेगळे.

आशाचा कालखंड तीन वर्षांचा, १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत चालणारा असतो आणि त्यात ३० तास पूर्ण करावे लागतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या कालखंडांपासून त्यांतील किमान एक तास व्यावसायिक नीतिमत्तेचा असावा लागतो. कॅलिफोर्नियात वाचा-भाषा तज्ज्ञांच्या परवान्याचे नूतनीकरण दोन वर्षांनी होते आणि त्यासाठी २४ तास लागतात. परवाना मिळाल्यानंतरच्या पहिल्या नूतनीकरणाला मात्र १२ तास पुरतात. श्रवणयंत्रे देण्याचाही परवाना असलेल्या ऑडिओलॉजिस्टांचे नियम वेगळे व अधिक काटेकोर आहेत, पण आपला त्यांच्याशी संबंध येत नाही.

एकच अभ्यासक्रम दोन्ही खात्यांत धरला जाऊ शकतो, पण तो दोन्ही कालखंडांत बसला पाहिजे. समजा, आपला आशाचा कालखंड जानेवारी २०२४ ते डिसेंबर २०२६ असा आहे आणि परवान्याची मुदत जून २०२५ व त्यानंतर जून २०२७ अखेर संपते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेले सहा तास आशालाही चालतील आणि परवान्याच्या पहिल्या मुदतीलाही चालतील. परंतु आशाची मुदत जवळ आली म्हणून आपण तीसच्या तीस तास २०२६ च्या दिवाळीनंतर घाईघाईने उरकले, तर आशा समाधानी होईल आणि जून २०२५ चे नूतनीकरण मात्र त्याआधीच कोरडे गेलेले असेल. म्हणून आपल्या दोन्ही मुदतींच्या तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात आणि तास वर्षभर विखरून करावेत.

आणखी एका ठिकाणी आकड्यांची गल्लत होते. आशाची मान्यता असलेल्या संस्थांच्या प्रमाणपत्रावर ०.६ असा आकडा दिसला, की काही जण तो अर्ध्या तासाच्या आसपासचा समजून कपाळाला हात लावतात, तर काही जण तो फारसा न वाचताच फाइलला लावतात. आशाच्या मोजणीत एक एकक म्हणजे दहा तास, म्हणजे ०.६ हे सहा तास झाले आणि तीन वर्षांचे ३० तास म्हणजे ३.० एकके. राज्याच्या अर्जात मात्र तास लिहायचे असतात. शिवाय आशाच्या प्रमाणपत्रासाठी प्रत्येक तास आशाची एकके देणाऱ्या संस्थेकडूनच केला पाहिजे असेही नाही. विषय व्यवसायाशी निगडित असेल आणि पुरावा असेल, तर इतर तासही धरले जातात. विद्यापीठात एखादा अभ्यासक्रम पूर्ण केला असेल, तर सेमिस्टरच्या एका श्रेयांकाचे पंधरा तास होतात.

नूतनीकरणाच्या वेळी राज्य बहुधा प्रमाणपत्रे मागत नाही. अटी पूर्ण केल्याचे आपणच लिहून द्यायचे असते. त्यानंतर काही परवानाधारकांची नावे यादृच्छिक पद्धतीने तपासणीसाठी निवडली जातात आणि तेव्हा कागद दाखवावे लागतात. त्या कागदावर आपले नाव, अभ्यासक्रमाचे शीर्षक, दिनांक, तास आणि घेणाऱ्या संस्थेचे नाव असे सारे एकत्र असले पाहिजे. नुसती नोंदणीची पावती किंवा झूमची लिंक आलेली ईमेल याला पुरावा म्हणत नाहीत.

प्रश्न : मी ह्यूस्टनमध्ये ऑडिओलॉजिस्ट आहे. श्रवणयंत्रे बनवणाऱ्या कंपन्या संध्याकाळच्या जेवणासह मोफत व्याख्याने ठेवतात आणि नंतर प्रमाणपत्रही देतात. बाहेर शुल्क भरून तास करण्यापेक्षा हेच का करू नये?

उत्तर : टेक्सासमध्ये आपल्याला दोन वर्षांत २० तास लागतात, त्यांपैकी दोन नीतिमत्तेचे. मानवी तस्करीला प्रतिबंध करण्यासंबंधीचे प्रशिक्षणही तेथे नूतनीकरणाला जोडलेले आहे. श्रवणचाचणीच्या खोलीत या विषयाचे काय काम, असे काहींना वाटते. पण सोबतच्या माणसाकडे बघत बघत उत्तरे देणारी रुग्ण जिथे येऊ शकते तिथे हे प्रशिक्षण अनाठायी नाही, असे माझे मत आहे.

आता कंपनीच्या व्याख्यानाविषयी. ते मोफत आहे म्हणून बाद ठरत नाही आणि कंपनीचे आहे म्हणूनही आपोआप बाद ठरत नाही. त्यात काय शिकवले जाते, यावर सारे अवलंबून आहे. रुग्णाच्या कानातच मापन करून ध्वनिवर्धन त्याच्या श्रवणचाचणीच्या आलेखाशी कसे जुळवावे, हे शिकवणारे दोन तास कोणत्याही यंत्राला लागू पडतात. नव्या मॉडेलचे ॲप, चार्जर आणि रंगसंगती दाखवणारे दोन तास ही विक्री आहे, मग जेवण कितीही उत्तम असो. कॅलिफोर्नियात तर विशिष्ट कंपनीच्या उत्पादनाभोवती फिरणारे अभ्यासक्रम श्रवणयंत्र देण्याच्या कामासाठी लागणाऱ्या तासांत धरतच नाहीत, आणि व्यवसायाचे विपणन किंवा स्वतःची गुंतवणूक अशा विषयांनाही तेथे मान्यता नाही. आपल्या राज्याचा नियम कितीही सैल असला, तरी वीसपैकी फार तर तीन-चार तासच अशा व्याख्यानांना द्यावेत, असे मी सुचवेन.

एक गोष्ट विसरू नये. १७ ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना तज्ज्ञाकडे न जाता दुकानातून श्रवणयंत्र घेता येते. अशी यंत्रे घेऊन, ती नीट बसत नाहीत म्हणून आपल्याकडे येणाऱ्या रुग्णाला काय सांगायचे, कोणते बहिरेपण या यंत्रांच्या कक्षेबाहेरचे, अचानक एकाच कानाने ऐकू येईनासे झाले तर किती तातडीने डॉक्टरकडे पाठवायचे, याचे शिक्षण कुठलीही एक कंपनी आपल्याला देणार नाही.

प्रश्न : न्यूयॉर्कमध्ये मला वाचा-भाषा उपचाराचा परवाना मिळून काही वर्षे झाली. तीन वर्षांत ३० तास ही अट मला ठाऊक आहे. पण त्यांत नेमके काय शिकावे, हे कळत नाही. ऑनलाइन यादीत हजारो अभ्यासक्रम आहेत आणि शेवटी जो रविवारी दुपारी जमतो तो केला जातो.

उत्तर : हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. नव्या परवानाधारकाला न्यूयॉर्कमध्ये पहिल्या नोंदणी-कालखंडात या अटीतून सूट असते, त्यामुळे शिक्षण आणि काम यांची सांगड घालण्याची सवय पहिल्या तीन वर्षांत लागत नाही आणि नंतर ती लावणे जड जाते. निवडीसाठी माझी कसोटी साधी आहे : गेल्या वर्षभरात ज्या रुग्णापुढे आपल्याला पुरेसे माहीत नसल्याचे जाणवले, तो रुग्ण डोळ्यांपुढे आणावा आणि त्याच्या दुखण्याचा विषय निवडावा.

आपण रुग्णालयात गिळण्याच्या विकारांवर काम करत असाल, तर घट्ट द्रवांचे उदाहरण घ्या. पूर्वी अमेरिकेतील बहुतेक रुग्णालये २००२ च्या राष्ट्रीय डिस्फेजिया आहाराच्या पायऱ्या वापरत. 'अमृतासारखे', 'मधासारखे' अशी तेथील द्रवांची वर्णने होती आणि एका स्वयंपाकघरातील मध दुसऱ्या स्वयंपाकघरात पाक होई. आता इड्सी ही आंतरराष्ट्रीय पद्धत शून्यापासून सातपर्यंतच्या आठ पातळ्या वापरते आणि द्रवाची पातळी दहा मिलिलिटरच्या सिरिंजने तपासता येते. सिरिंजचे टोक बोटाने बंद करून ती दहाच्या खुणेपर्यंत भरायची, बोट काढायचे, दहा सेकंदांनी पुन्हा लावायचे आणि किती उरले ते पाहायचे. एक ते चार मिलिलिटर उरले तर पातळी एक, चार ते आठ उरले तर दोन, आठाहून अधिक उरले तर तीन. काहीच ठिबकले नाही, तर चार किंवा त्याहून घट्ट. हे वाचून कळते, पण हातात सिरिंज घेऊन चार वेगवेगळी पेये तपासल्याशिवाय हाताला बसत नाही. म्हणून अशा विषयासाठी ध्वनिमुद्रित व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिक असलेली कार्यशाळा निवडावी.

आपल्याकडे बहुभाषिक मुले येत असतील, तर पाच-सहा तास द्विभाषिक मूल्यमापनासाठी राखून ठेवावेत, असा माझा आग्रह राहील. घरात मराठी ऐकत वाढलेला चार वर्षांचा मुलगा बालवर्गात जातो, 'व्हॅन' आणि 'वॅगन' या दोन शब्दांची सुरुवात सारखीच करतो, 'थिंक' म्हणताना जीभ दातांबाहेर न काढता आपला 'थ' उच्चारतो, आणि शाळेच्या अहवालात दोन ध्वनींचे दोष नोंदले जातात. मराठीत 'व' एकच आहे आणि 'थ' हा स्पर्शध्वनी आहे. मुलाच्या बोलण्यात हे दिसणे अपेक्षितच असून तो विकार नव्हे. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. 'घरी दोन भाषा आहेत, म्हणून उशीर होतोय' असे म्हणून खऱ्या भाषाविलंबाकडे दुर्लक्ष झालेली मुले मी पाहिली आहेत. विकार असेल, तर तो दोन्ही भाषांत दिसतो, म्हणून आजीशी मूल मराठीत कसे बोलते हे विचारल्याशिवाय निर्णय देऊ नये. हे प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, दुभाषाला आधी काय समजावून सांगावे आणि प्रमाणित चाचणीचे गुण केव्हा लिहू नयेत, हे शिकण्याजोगे कौशल्य आहे.

आपली एखादी ऑडिओलॉजिस्ट मैत्रीण अर्भकांसोबत काम करत असेल, तर तिला माझा एक निरोप द्यावा. २०१५ मध्ये पदवी घेतलेल्या व्यक्तीने कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवण-उपकरणासाठी) बारा महिने ही किमान वयोमर्यादा पाठ केलेली असते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका उत्पादकाच्या इम्प्लांटसाठी ती नऊ महिन्यांवर आणली. नवजात बाळाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत, हा जुना क्रम ज्या केंद्रांना जमला आहे, त्यांनी एक-दोन-तीन महिन्यांचे लक्ष्य ठेवावे, अशी शिफारस २०१९ मध्ये झाली. पालकांना जुनीच मुदत सांगितली गेली, तर बाळाचे काही महिने अकारण जातात.

प्रश्न : आम्ही पुढच्या वर्षी कायमचे नाशिकला परतणार आहोत. अमेरिकेत जमा केलेले तास भारतात चालतील का?

उत्तर : ते आपोआप वर्ग होतील, अशी अपेक्षा ठेवू नये. भारतात हा व्यवसाय भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली येतो आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असणे आवश्यक आहे. नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा कायद्यात आहे. दंडाच्या रकमेकडे पाहून हसू येईल, कैदेच्या तरतुदीकडे पाहून येणार नाही. नोंदणी पाच वर्षांनी नूतन करावी लागते आणि पदवीधर व्यावसायिकांनी त्या काळात निरंतर शिक्षणाचे शंभर गुण मिळवणे अपेक्षित असते. परिषदेने आधी मान्यता दिलेल्या कार्यक्रमांचेच गुण धरले जातात. परतण्याआधी आपली जुनी नोंदणी चालू आहे की मुदतबाह्य झाली, एवढे आधी तपासावे आणि पुढील कार्यक्रमांसाठी मुंबईतील अली यावर जंग या वाचा-श्रवणविषयक राष्ट्रीय संस्थेच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवावे.

प्रश्न : माझ्या मुलीवर सिॲटलमध्ये स्पीच थेरपी सुरू आहे. तिच्या थेरपिस्टने हे तास पूर्ण केले आहेत की नाहीत, हे मला पालक म्हणून पाहता येते का?

उत्तर : कोणता अभ्यासक्रम केला, हे सहसा पाहता येत नाही, परवाना चालू आहे की नाही, हे मात्र पाहता येते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर नाव टाकले, की परवान्याची स्थिती, मुदतीची तारीख आणि काही शिस्तभंगाची कारवाई झाली असल्यास तीही दिसते. थेरपी ऑनलाइन असेल आणि थेरपिस्ट दुसऱ्या राज्यात बसत असतील, तर आपली मुलगी ज्या राज्यात आहे, त्या राज्यात काम करण्याची परवानगी त्यांच्याकडे असली पाहिजे. शोध घेताना तेच राज्य निवडावे. आणि थेरपिस्टने कार्यशाळेसाठी एखाद्या शुक्रवारचे सत्र पुढे ढकलायला सांगितले, तर नाराज न होता, काय शिकणार आहात, असे त्यांना खुशाल विचारावे.