काकी, एक विचारू? : वीस पोफळी मागून घे

प्रश्न : काकी, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वय २७. पणजीतली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी घरच्या कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, उतरलो. गेल्या हिवाळ्यात ‘आत्मा’ या सरकारी शेती योजनेच्या अभ्यास दौऱ्यातून कासरगोड, विट्टल बघून आलो. लवकर धरणारी मंगला सुपारी, कलमी मिरी, ठिबक असं पुष्कळ पाहिलं. घरी येऊन बाबांना म्हटलं, जुनी पोफळ टप्प्याटप्प्याने काढूया. ते म्हणाले, “पाटाचें उदक आसतना नळयो कित्याक?” (पाटाचं पाणी असताना नळ्या कशाला?) आणि उठून गेले. तेव्हापासून आमच्यात धड बोलणं नाही. त्यांचं मन कसं वळवू?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. बोलणं बंद झालं ते ठिबकावरून नाही, तुझ्या पहिल्या वाक्यावरून. पोफळ लावल्यावर पहिला घड दिसायला पाच ते सात वर्षं जातात. तेवढी वर्षं ज्याने पाटाचं पाणी वळवून ती जगवली, त्याला प्रवासाहून आल्या आल्या ‘काढूया’ म्हटलं तर तो दुसरं काय करणार? तुझा हेतू वाईट नव्हता. पण तू पाहून आलास, ते नाही आले, हे अंतर त्या एका शब्दाने वाढलं.

आमच्या घरचं सांगते. १९८२ साली लग्न होऊन मी फोंड्यातल्या केरीच्या कुळागरात आले. पावसात सुपारी कुजून गळायची, तो कोळेरोग यायचा. पहाटे झाडाखाली गळलेली हिरवी सुपारी वेचायचं काम माझं, आणि आषाढात टोपली रोज भरायची. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारत नव्हते असं नाही. मारायचे, पण चुना अंदाजाने घालायचे, तोही कोपऱ्यात वर्षभर पडून हवा लागलेला. कृषी कार्यालयाचं पत्रक मी त्यांना वाचून दाखवलं : एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, मग एकत्र, आणि शेवटी लोखंडी पात्याची परीक्षा. ते ऐकून घेत, पान लावत आणि बाहेर जात. सुनेने कागद वाचून शिकवावं, हे त्या पिढीच्या माणसाला जड होतं. मला तेव्हा राग यायचा, आज येत नाही.

पुढे गावातून शिरशीकडे बागा बघायला गाडी निघाली. एकाची जागा रिकामी झाली म्हणून मामंजी बसले. मी मागच्या बाकावर होते. तिथल्या एका बागायतदाराच्या अंगणात फवारणीचं पिंप भरलेलं होतं. वयाने मामंजींएवढाच माणूस, त्याची कोंकणी आमच्याहून निराळी पण कळायची. त्याने कोयतीचं पातं मिश्रणात बुडवलं, मिनिटभर धरलं आणि काढून दाखवलं. पातं स्वच्छ होतं. म्हणाला, यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय असं समजायचं, आणखी चुना घालायचा. मग त्याने स्वतःचं नुकसान सांगितलं. जुन्या चुन्याने एक वर्ष सगळी फवारणी कशी फुकट गेली, बायकोने त्या वर्षी बांगड्या कशा गहाण ठेवल्या. मामंजींनी त्याला तीन-चार प्रश्न विचारले. एवढे प्रश्न मी त्यांच्या तोंडून घरात कधी ऐकले नव्हते.

गाडीत ते गप्प होते. मेअखेरीला फवारणीची तयारी चालू असताना हाक आली, “ती पोरनी कोयती खंय आसा?” ती जुनी कोयती मी नेऊन दिली. पातं तांबूस निघालं. ते हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग चुना घातला, पुन्हा बुडवलं, पुन्हा घातला. तिसऱ्यांदा पातं साफ आलं. दुसरी फवारणी चाळीसेक दिवसांनी उघडीप बघून केली. त्या आषाढात माझी टोपली भरायला आठवडा लागला.

पत्रकात आणि त्या अंगणात माहिती एकच होती, बाळा. फरक असा की घरात ती ऐकणं म्हणजे आपलं चुकलं हे सुनेसमोर कबूल करणं होतं. तिथे समोरचा माणूस आधी स्वतः चुकल्याचं सांगत होता. त्यानंतर मामंजी एकसष्टाव्या वर्षी वही करायला लागले. फवारणीची तारीख, पाऊस, झाडावर चढून सुपारी काढणारे किती पाडेली लावले, किती सुपारी निघाली. कृषी कार्यालयात जाऊन ते स्वतः विचारू लागले. मला तर फवारणीपेक्षा त्या वहीचं जास्त अप्रूप वाटतं.

आता दुसरी बाजूही ऐक. २००३ च्या सुमारास व्हॅनिलाची लाट आली होती. हिरव्या शेंगेचा भाव किलोला हजारांत बोलला जायचा. मी हट्टाने वेल लावले. फूल एकच दिवस उमलतं, सकाळीच हाताने परागीकरण करावं लागतं. पहाटे उठून मी ते केलं. मामंजी एवढंच म्हणाले होते, “गिरायक कोण?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेंगा तयार होईतो भाव कोसळला आणि वेल तसेच राहिले. तेव्हा तुझ्या बाबांचं ‘नको’ म्हणजे अडाणीपणा, असं धरून चालू नकोस. त्यात कधी कधी हिशेब असतो, फक्त तो ते बोलून दाखवत नाहीत.

जुन्या झाडाला हात लावू नकोस. ओळीच्या मधल्या जागेत नवी रोपं लावता येतात, ती मोठी झाली की जुन्याचं बघता येतं. आधी बाबांकडे पाटाच्या टोकाकडच्या वीस पोफळी माग. ‘ह्या माझ्या, खर्च माझा, गेलं तर माझं’ एवढंच सांग. वीस पोफळींपुरतं बहुतेक बाप देतात. त्यांतल्या दहांवर कलमी मिरीचे वेल सोड. ब्राझीलकडच्या जंगली मिरीच्या खुंटावर बांधलेलं ते कलम शीघ्र मर रोगाला दाद देत नाही, पण त्या खुंटाला ओल कायम लागते, म्हणून पाटाजवळच लाव. उरलेल्या दहांवर तुमची घरची मिरी राहू दे. दोन्हींची नोंद एकाच वहीत ठेव आणि वही पडवीत उघडी असू दे.

ठिबकाचं आता काढूच नकोस. एप्रिल-मेमध्ये पाटाचं पाणी बारीक होईल तेव्हा बाबाच काळजी करतील, विषय तेव्हा निघेल. आणि पुढच्या दौऱ्याला तू जाऊ नकोस, त्यांना पाठव. त्यांच्या वयाच्या एखाद्या शेजाऱ्याबरोबर.

प्रश्न : काकी, आमचा डिचोलीतला स्वयंसाहाय्य गट. दोनदा दौऱ्यावर जाऊन आलो, फोटो काढले, जेवलो, परत आलो. घरी काहीच बदललं नाही. जमीन नवऱ्याच्या नावावर. आम्ही बायकांनी काय करायचं?

उत्तर : जिथे जाल तिथे त्या घरच्या बाईला मागच्या दारी गाठा. पुढे पुरुष यश सांगतात. तिला विचारा, पहिल्या वर्षी काय मेलं, पाणी कोण घालतं, पैसा कोणाच्या हातात येतो. आणि सगळं नवं बाहेरूनच येतं असं समजू नका. जुने गोवेजवळच्या एला इथल्या संशोधन संस्थेने गोवा धान १ आणि २ ही खाऱ्या जमिनीची वाणं आपल्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातल्या, कोरगुट या जुन्या भातातूनच निवडून काढली. तुमच्या सासूकडे असलेलं बियाणंही दाखवायला घेऊन जा.

जमिनीचं म्हणशील तर माझ्याही नावावर काही नव्हतं. एलाच्या कृषी विज्ञान केंद्रात मी वेलाऐवजी झुडूप होणारी झुडपी मिरी करायला शिकले आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून अंगणात लावली. जमिनीवर सरपटणाऱ्या फांदीचा वेल होतो. झुडपासाठी आडवी, फळ धरणारी फांदी लागते, वर्षभराची, तीन-चार पेरांची. तिला मुळं सहज फुटत नाहीत. मी वीस लावल्या, सहा जगल्या. मामंजी म्हणाले, मिरी झाडावर चढायची, डब्यात कसली बसते. दुसऱ्या वर्षी हिरवे घोस आले तेव्हा पाहुण्यांना अंगणात नेऊन तेच दाखवायचे, आणि कढीत घालायला तिथलीच मिरी खुडून आणायचे.

गटातल्या प्रत्येकीने चार-चार डबे घ्या. पाऊस सुरू व्हायच्या आत माती, रेती, शेणखत भरून सावलीत ठेवा. किती फांद्या लावल्या आणि किती जगल्या, ते मला गणेशचतुर्थीनंतर कळव. मेलेल्यांचा आकडाही लिही.