बी.फार्म.च्या सीईटीसाठी कोणती पुस्तकं घेऊ?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात बारावी सायन्स, पीसीबी ग्रुप, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. दहावीपर्यंत मराठी माध्यम. एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देऊन बी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या पदवीला जायचंय. नव्या पेठेतल्या एका दुकानात साडेचार हजारांचा संच दाखवला, मैत्रीण म्हणते नीटच्या (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या) नोट्सवर भागतं, आणि आतेबहिणीची जुनी गाइडं घरात पडून आहेत. घरून दीड हजाराच्या वर मागायची तुझी इच्छा नाही.

साडेचार हजारांचा संच घेऊ नकोस. दीड हजारात तुझं काम होतं, आणि तेसुद्धा एकदम खर्च करायचे नाहीत.

मी २०१८ ला सीईटी दिली, इथूनच बी.फार्म. केलं आणि आता एका औषध दुकानात फार्मासिस्ट आहे. पण हे उत्तर मी माझ्यापेक्षा माझ्या धाकट्या भावाच्या अनुभवावरून लिहितेय. त्याने २०२३ ला परीक्षा दिली. माझी गाइडं मी जपून ठेवली होती, कव्हरं घालून. आईने ती ट्रंकेतून काढून त्याच्यापुढे ठेवली आणि नवीन काही घ्यायची गरज नाही असं मीच ठामपणे सांगितलं. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, त्याच्या सराव परीक्षेत आयोनिक इक्विलिब्रियावर प्रश्न आले. गाइडात तो धडाच नव्हता. बारावीचा अभ्यासक्रम २०२० मध्ये बदलला हे मला ठाऊक होतं, पण धडेच्या धडे बदलले असतील असं डोक्यात आलं नाही. पोराने चार महिने चुकीच्या पुस्तकावर मान मोडून काम केलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आतेबहिणीच्या गाइडांचं आधी बघ. केमिस्ट्रीची अनुक्रमणिका उघड. शेवटचा धडा ग्रीन केमिस्ट्री अँड नॅनोकेमिस्ट्री असेल तर ते २०२० नंतरचं आहे, ठेव. धातू खनिजापासून वेगळे करण्यावर स्वतंत्र धडा असेल आणि आयोनिक इक्विलिब्रिया नसेल, तर ते जुनं आहे, फुकट मिळालं तरी नको. अनुक्रमणिका शेवटी तुझ्या स्वतःच्या पाठ्यपुस्तकाशी ताडून बघायची.

आता पेपर कसा असतो ते सांगते, कारण पुस्तकं त्यावरूनच ठरतात. फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न मिळून ९० मिनिटं. मग बायोलॉजीचे १०० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटं. प्रत्येक प्रश्न एका गुणाचा, एकूण २००. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर. ते धडे कोणते, हे परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्याची प्रिंट काढून भिंतीवर लाव. दुकानदाराने दाखवलेल्या जाड ठोकळ्यांत अकरावीचे सगळेच धडे असू शकतात, आणि तसं असेल तर त्यातले बरेच तुला लागणारच नाहीत.

५४ सेकंदांत उत्तर द्यायचं म्हणजे पुस्तकातली ओळ डोळ्यांपुढे यायला हवी. बायोलॉजीत तर हे फारच खरं आहे. त्यामुळे पहिलं पुस्तक बालभारतीचं. ते तुझ्याकडे आहेच, नसेल तर ई-बालभारतीवरून उतरवून घेता येतं. आकृतीखालची ओळ, चौकटीतली माहिती, तक्ते, धड्यामागचे स्वाध्याय, सगळं वाच. बायोलॉजीच्या १०० पैकी साधारण ८० गुण बारावीच्या या एका पुस्तकात आहेत, आणि क्लासच्या रंगीत नोट्सपेक्षा मी तेच तीनदा वाचायला सांगेन.

मैत्रिणीच्या नीटच्या नोट्सबद्दल. त्या वाईट नसतात, पण त्यांना भोकं आहेत. नीटच्या अभ्यासक्रमातून २०२४ पासून सॉलिड स्टेट आणि पॉलिमर गेले. आपल्या बारावीच्या केमिस्ट्रीचा पहिलाच धडा सॉलिड स्टेट आहे, आणि पॉलिमरवरही स्वतंत्र धडा आहे. बायोलॉजीत वनस्पती पाणी कसं शोषतात आणि वर कसं नेतात हा भागही नीटमधून गेला. आपल्याकडे प्लांट वॉटर रिलेशन हा पूर्ण धडा आहे. नुसत्या नीटच्या नोट्सवर बसलीस तर हे धडे कोरे राहतील, आणि ते आधी कळणारही नाही, कारण नोट्स भरलेल्या दिसतात. शिवाय तिथे चुकीला गुण कापतात, म्हणून खात्री नसेल तर सोडून द्यायची सवय लागते. सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

विकत घ्यायचं ते फक्त प्रत्येक विषयाचं एकेक एमसीक्यूचं, म्हणजे पर्यायातून उत्तर निवडायच्या प्रश्नांचं पुस्तक. कुठल्या प्रकाशनाचं, हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण दरवर्षी आवृत्त्या बदलतात. दुकानात उभं राहून दहा मिनिटांत पारखता येतं. तुला चांगला येणारा एक धडा उघड. समजा केमिकल कायनेटिक्स. पहिल्या ऑर्डरच्या अभिक्रियेचा हाफ-लाइफ ०.६९३ भागिले के, म्हणजे रेट कॉन्स्टंट. के ०.०६९३ प्रति मिनिट दिला असेल तर उत्तर १० मिनिटं, तोंडी येतं. असे पाच-सहा प्रश्न सोडव आणि मागची उत्तरं बघ. पाचात एक उत्तर चुकीचं छापलेलं निघालं तर पुस्तक खाली ठेव, कारण पुढे आपणच चुकलो असं समजून तू रात्र घालवशील. नुसतं 'ब' किंवा 'क' लिहिलंय की दोन ओळींत कारण दिलंय, तेही बघ. कारण नसलेलं पुस्तक स्वस्त असलं तरी तुझ्या कामाचं नाही. आधीच्या सीईटीत येऊन गेलेल्या प्रश्नांपुढे साल छापलेलं असेल तर आणखी चांगलं. आणि दुकानदार घाई करत असेल तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.

सगळ्यात आधी केमिस्ट्रीचं घे. फिजिक्सचं महिनाभराने. बायोलॉजीचं शेवटी, पाठ्यपुस्तक एकदा पूर्ण झाल्यावर. फिजिक्सबद्दल एवढंच सांगते की सूत्रांची एक वही स्वतःच्या हाताने कर, विकतची नको. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे लॉग २ म्हणजे ०.३०१० आणि लॉग ३ म्हणजे ०.४७७१ हे तोंडपाठ हवं. बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल वापरायची सवय झालेली असते, ती इथे अडचणीची ठरते.

भाषेचं तू प्रश्नात फक्त ओझरतं लिहिलंयस, पण मला तीच मोठी गोष्ट वाटते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचा पेपर मराठीतही घेता येतो, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना अर्ज भरताना तो मोह होतो. पण अकरावी-बारावी तू इंग्रजीतून शिकलीस. पेपरात 'परासरण' आणि 'क्षपण' वाचून ऑस्मोसिस आणि रिडक्शन आठवायला लागले तर ५४ सेकंदांतले दहा तिथेच गेले. ज्या भाषेत सराव, त्याच भाषेत पेपर. मला स्वतःला अकरावीत सोल्यूट म्हणजे द्राव्य की द्रावक, हे दर वेळी थांबून आठवावं लागायचं. मी एका वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे दहावीपर्यंतचा मराठी शब्द लिहीत गेले: सोल्यूट, द्राव्य, सॉल्व्हंट, द्रावक, कॅटलिस्ट, उत्प्रेरक. दोन महिन्यांत दीडशे-दोनशे शब्द झाले आणि पुस्तक अंगावर येईनासं झालं. ती वही कुठल्याच दुकानात मिळत नाही.

उरलेले पैसे सराव पेपरांसाठी ठेव. परीक्षा संगणकावर असते. मी कागदावर गोल रंगवले होते, भावाला पडद्यावर वाचून कच्चं काम वहीत करावं लागलं आणि पहिल्या दोन सरावांत त्याचा वेळ पुरलाच नाही. मोबाईलवर पेपर सोडवणं वेगळं, संगणकावर वेगळं. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारून किंवा कुणाच्या घरच्या कॉम्प्युटरवर निदान पाच-सहा पूर्ण पेपर घड्याळ लावून दे. प्रत्येक पेपरनंतर चुकलेल्या प्रश्नांपुढे धड्याचं नाव लिही. तीन पेपरांनंतर तेच दोन-तीन धडे पुन्हा पुन्हा दिसायला लागतील, आणि पुढचे पैसे खर्चायचेच असतील तर त्या धड्यांसाठी खर्च. 'हमखास येणारे प्रश्न' असल्या पुस्तिका मात्र घेऊ नकोस. परीक्षा अनेक दिवस, अनेक शिफ्टमध्ये चालते, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, म्हणूनच निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे किती टक्के मुलं तुझ्या मागे आहेत यावर लागतो. त्यात हमखास काय येणार?

दुकानदाराने डी.फार्म.साठीही, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमासाठीही हाच संच लागतो असं सांगितलं असेल तर ते खरं नाही. डी.फार्म.चे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात, त्याला सीईटी लागत नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. अकरावीची पुस्तकं अजून घरात आहेत का? आपल्याकडे जूनमध्येच ती शेजारच्या पोरीला देऊन टाकतात किंवा जुन्या बाजारात विकतात. २०० पैकी ४० गुण त्या पुस्तकांत आहेत. दिली असशील तर नव्या पेठेत जायच्या आधी त्या पोरीच्या घरी जाऊन ये.