सोलापुरात राहून विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान फुकट कुठे वाचता येईल?

ग्रंथालयासाठी पुण्याला खेटे घालण्याआधी स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसफी हा तत्त्वज्ञानाचा ऑनलाइन कोश उघडा. १९९५ पासून चालू आहे, पूर्ण मोफत आहे आणि प्रत्येक नोंद त्या विषयाच्या अभ्यासकाने लिहून इतरांनी तपासलेली असते. ‘सायंटिफिक मेथड’ (वैज्ञानिक पद्धत) या नोंदीपासून सुरुवात करा. पहिल्या फेरीत फक्त प्रास्ताविक आणि शेवटची ग्रंथसूची वाचा; सगळी नोंद एका बैठकीत रेटली तर हमखास दमछाक होते. भारतीय बाजूसाठी ‘इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स’ हे १९६६ पासूनचं नियतकालिक. जुने अंक इन्साच्या (भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या) संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहेत. ताजे निबंध फिलसाय-आर्काइव्हवर, म्हणजे अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या विज्ञान-तत्त्वज्ञानाच्या ऑनलाइन निबंधसंग्रहावर, सापडतील. मात्र तिथल्या बऱ्याच निबंधांचं परीक्षण झालेलं नसतं, त्यामुळे प्रबंधात उद्धृत करण्याआधी छापील आवृत्ती आहे का, ते बघा.